ढालकिड्यांची मजुरी

मार्चमध्ये आमच्या वस्तीवर एक संध्याकाळ अशी येते की पडवीत दिव्याखाली जेवायला बसता येत नाही. शेजारच्या गव्हाला दुपारीच हार्वेस्टर लागलेला असतो, भुश्याचा धुरळा अजून खाली बसलेला नसतो. दिवे लागले की भिंतीवर, खिडकीच्या जाळीवर, दोरीवरच्या कपड्यांवर, माठाच्या झाकणावर केशरी-तांबडे दाणे चिकटल्यासारखे दिसू लागतात. मसुरीएवढे, वरून फुगीर, खालून सपाट, पाठीवर काळी नागमोडी रेघ. एखादा वरणात पडतो. पोरं ओरडतात. आई म्हणते, "मार रे त्यांच्यावर फवारा, रातभर अंगावर चढतील." काही वर्षांपूर्वीपर्यंत मीही फवाऱ्याचा डबा उचलून भिंतीवर मारत होतो. सकाळी केरसुणीने लोटून सुपलीभर किडे उकिरड्यावर टाकायचे, की झालं.

हे ढालकिडे. इंग्रजी शाळेतली पोरं त्यांना लेडीबग म्हणतात, कृषी सहायक लेडीबर्ड बीटल म्हणतो, पुस्तकात कुठे चित्रांग भुंगेरा असंही नाव सापडतं. आई मात्र नुसतं 'किडे' म्हणते, आणि तिचं चुकत नाही. मृगात निघणाऱ्या मखमली किड्याला आपण नक्षत्राचं नाव दिलं. सोनकिडा काडेपेटीत घालून आमच्या पिढीने शाळेत नेला. काजवा तर कवितेतच जाऊन बसला. ढालकिड्याच्या वाट्याला असं लाडाचं काही आलेलं दिसत नाही. ढालकिडा हा शब्द शेतातून पुस्तकात गेला नसून पुस्तकातून शेतात आला असावा, असं मला नेहमी वाटतं. युरोपात याच किड्याला मेरीमातेचं नाव आहे, रशियन लोक त्याला देवाची गाय म्हणतात. त्यांच्या शेतकऱ्यांना तो देवाकडून आलेला वाटला, आम्हाला तो ट्यूबलाइटकडे आलेला वाटतो.

माझं म्हणणं असं आहे की भिंतीवर बसलेला हा थवा म्हणजे आमच्या रब्बीच्या हंगामाचा न मांडलेला खर्च आहे. दुसरं कुठलं गाव असतं तर मी हे इतक्या आग्रहाने म्हटलं नसतं. पण हे पुणतांबा आहे.

1 जून 2017 ला इथून उठलेला शेतकरी संप महाराष्ट्राला आठवत असेल. त्याआधी एप्रिलमध्येच ग्रामसभेने ठराव केला होता. मग दूध, भाजीपाला शहरात जाणं थांबलं, रस्त्यावर दूध ओतलं गेलं, मुंबईत मध्यरात्री वाटाघाटी झाल्या, संप मागे घेतल्याची घोषणा झाली, ती कुणाला मान्य झाली, कुणाला झाली नाही. 24 जूनला 34,022 कोटींची कर्जमाफी जाहीर झाली. त्या फाटाफुटीवर गावात आजही दोन तट पडतात आणि चहाच्या टपरीवर तो विषय काढणारा उठून जाणाऱ्याचाही चहा भरतो. मी तिकडे जात नाही. मला त्यातली एकच मागणी इथे हवी आहे: उत्पादन खर्च अधिक पन्नास टक्के, म्हणजे स्वामिनाथन आयोगाची शिफारस.

या मागणीतली खरी झटापट पन्नास टक्क्यांची कधीच नव्हती. ती 'खर्च' या शब्दाची होती. कृषिमूल्य आयोग खर्च तीन तऱ्हांनी मोजतो. ए-टू म्हणजे शेतकऱ्याने प्रत्यक्ष मोजलेला पैसा: बी, खत, औषध, मजुरी, डिझेल. त्यात घरच्यांच्या राबण्याची किंमत धरली की ए-टू अधिक एफएल. आणि स्वतःच्या जमिनीचा खंड, स्वतःच्या भांडवलावरचं व्याज धरलं की सी-टू. सरकार मधल्या आकड्यावर दीडपट देऊ म्हणतं, शेतकरी शेवटच्या आकड्यावर मागतो. या भांडणाच्या मुळाशी असलेला राग अगदी साधा आहे. ज्या कामाला कुणी रोख पैसे मोजले नाहीत, ते काम झालंच नाही असं का धरता? माझी बायको पहाटे उठून पाणी धरते, तिला कुणी हजेरी दिली नाही म्हणून ते पाणी आपोआप भरलं का?

हा प्रश्न रास्त आहे. म्हणून तोच प्रश्न भिंतीवरच्या किड्यांच्या वतीने विचारायचा मला हक्क आहे असं मी समजतो.

आता एक पान डोळ्यांसमोर धरू. पुणतांबा जंक्शनवरून शिर्डीकडे फाटा फुटतो. तिथे रुळाच्या कडेने रुईची झुडपं आहेत, मारुतीला शनिवारी पानं लागतात म्हणून अधूनमधून कुणी तोडतं, एरवी त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. जानेवारीत कोवळ्या शेंड्याचं पान उलटलं की खाली हळदीसारखा पिवळा मावा गच्च बसलेला दिसतो. त्यांच्यामधून मुंग्या फिरत असतात, माव्याच्या अंगातून निघणारा गोड चिकटा गोळा करत. आणि त्या गर्दीत एक काळपट, लांबट, खरबरीत अळी. सहा पाय पुढच्या बाजूला, अंगावर फिकट ठिपके, चाल सुसरीची. ती एका माव्याला जबड्यात धरते, थोडं उचलते आणि तसाच चघळत राहते. मिनिटभराने पानावर पांढरं टरफल पडतं. मी एकदा मोबाइलवर वेळ लावून उभा राहिलो होतो, अर्ध्या तासात तिने सात संपवले. मधे एक मुंगी अंगावर धावून आली तर ती बाजूला सरकली, आणि मुंगी गेल्यावर परत जागेवर.

ही अळी म्हणजे ढालकिड्याचं पोर. खरं काम तिचं. मोठा झालेला किडाही मावा खातो, सात ठिपक्यांचा ढालकिडा आयुष्यभरात पाच हजारांच्या आसपास मावा खातो असं कीटकशास्त्राची पुस्तकं सांगतात. पण अळी दिवसभर दुसरं काही करतच नाही. गंमत अशी की मोठा किडा रंगीत असल्यामुळे निदान ओळखू तरी येतो. अळी ओळखू येत नाही. 'अळी' हा शब्द शेतकऱ्याच्या डोक्यात एकाच अर्थाने बसला आहे. पिकात अळी दिसली म्हणजे पंप काढायचा. आमच्या एका पाहुण्याने करडईत ढालकिड्याच्या अळ्या बघून "केवढी अळी पडलीय" म्हणून फवारणी केली होती, आणि मी तेव्हा त्याला पंप आणून दिला होता.

द्राक्षवाल्यांची फजिती तर याच्याही पुढची. क्रिप्टोलेमस नावाचा एक ढालकिडा आहे, मूळचा ऑस्ट्रेलियाचा, कॉफीवरच्या खवले किडीसाठी 1898 साली भारतात आणलेला. त्या किडीवर त्याचा फारसा उपयोग झाला नाही, पण पिठ्या ढेकणावर तो असा काही टिकला की आज प्रयोगशाळेत वाढवून द्राक्षबागांत सोडतात. त्याची अळी अंगावर पांढरं मेण चढवते आणि हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते. पैसे देऊन आणलेली फौज घडावर दिसली की नवखा बागाईतदार तिलाच कीड समजून मारायला निघतो.

मुद्द्याचं गणित पुढे आहे. माव्याच्या मादीला नर लागत नाही. ती जिवंत पिल्लं टाकते आणि ते पिल्लू आठवड्या-दीड आठवड्यात स्वतः व्यायला लागतं. ढालकिड्याचं अंडं, अळी, कोष, किडा हे सगळं व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, थंडीत जास्तच. शिवाय मावा नसेल तिथे ढालकिडी अंडी घालत नाही, पोरं खाणार काय? म्हणजे मावा नेहमी आधी येणार आणि ढालकिडा मागून. मधल्या दहा-बारा दिवसांत शेत बिघडत चाललंय असंच दिसतं. पानं चिकट होतात, चिकट्यावर काळी बुरशी धरते, शेजारी बांधावरून जाताना विचारतो, "काय, काही मारलं का नाही अजून?" आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण मारतो.

मारल्यावर दोघेही मरतात. पण थोडा मावा पानाच्या वळीत, पोग्यात वाचतो आणि आठवड्यात त्याचा संसार पुन्हा उभा राहतो. ढालकिड्याला पुन्हा यायला महिना. मग दुसरी फवारणी. पहिल्या फवारणीनेच दुसरीची सोय करून ठेवलेली असते. माव्याने पहिल्यापेक्षा जोर धरला की आपण म्हणतो, औषध भेसळीचं होतं. भेसळ असतेही, ती वेगळी गोष्ट. पण शुद्ध औषधाने हे जास्त चोख होतं.

हे मनाचं सांगत नाही. कॅलिफोर्नियात संत्र्यांवर कापसासारखी दिसणारी एक खवले कीड पडून बागा उखडायची वेळ आली होती. 1888 साली आल्बर्ट कबेले हा माणूस ऑस्ट्रेलियात गेला आणि तिथून त्याने व्हेडालिया नावाचे ढालकिडे आगबोटीने पाठवले. पहिल्या खेपांत मिळून 129 किडे पोचले होते. लॉस एंजेलिसच्या एका बागेत झाडावर तंबू ठोकून ते सोडले. वर्ष-दीड वर्षात ती कीड नावापुरती उरली आणि पुढे अर्धशतक बागाईतदारांना तिची आठवण राहिली नाही. मग दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आलं. ते दुसऱ्याच किडींसाठी फवारलं, ढालकिडे मेले, आणि विसरलेली कीड पुन्हा बागांत हजर. डीडीटी आवरतं घेऊन ढालकिडे परत आणावे लागले. हाच व्हेडालिया पुढे निलगिरीतही आणला गेला.

परदेशातलं कशाला, आपल्याच उसातलं उदाहरण ताजं आहे. 2002 च्या पावसाळ्यात सांगलीकडे उसाच्या पानांमागे पांढरी लोकर दिसली आणि वर्षभरात लोकरी मावा पश्चिम महाराष्ट्राच्या उसात सगळीकडे झाला. त्या वेळची कारखान्याच्या पट्ट्यातली घबराट ज्यांनी बघितली त्यांना सांगायला नको. पुरुषभर उंच ऊस, पानं कातर, आत शिरून फवारणार कोण आणि पानाच्या खालच्या अंगाला पोचवणार कसं? विमानातून फवारण्याच्या गप्पा झाल्या. शेवटी उपयोगी पडले ते डिफा नावाच्या पतंगाची अळी, मायक्रोमस नावाचा कीटक आणि सिरफिड माशी. ढालकिडे त्यात होते, पण ते बिनीचे नव्हते, हेही कबूल करायला हवं. डिफाच्या अळ्या असलेली पानं एका फडातून कापून दुसऱ्या फडात नेऊन टांगायची, एवढाच तो कार्यक्रम. राहुरीचं कृषी विद्यापीठ, पुण्याची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, साखर कारखाने सगळे त्यात उतरले. इतर वेळी लॅटिन नावाला हसणारी माणसं "तुमच्याकडे डिफा आला का?" असं लग्नात एकमेकांना विचारत होती. दोन-तीन वर्षांत लोकरी मावा आटोक्यात आला.

तिथे शेतकरी थांबला. तो काही जास्त शहाणा झाला म्हणून थांबला नाही. फवारता येत नव्हतं म्हणून थांबला. उसाच्या उंचीने आमच्यावर जी सबुरी लादली, ती गुडघाभर गव्हात आम्हाला सुचत नाही. गहू फवारायला सोपा आहे, हाच गव्हातल्या ढालकिड्याचा दोष.

इथे कुणी म्हणेल, सबुरी सांगणं सोपं आहे. खरं आहे. सोसायटीचं कर्ज मार्चअखेर भरायचं असतं. कृषी सेवा केंद्रात उधारी असते आणि ज्याच्या वहीत आपलं नाव आहे त्याचा सल्ला टाळणं अवघड असतं. पान घेऊन गेलं की तो न विचारता तीन बाटल्या पुढे ठेवतो, एक कीडनाशक, एक बुरशीनाशक आणि एक 'टॉनिक'. पान उलटून बघत नाही. त्याला मी दोष देत नाही, त्याच्या दुकानात 'दहा दिवस थांबा' या मालाची बाटली येत नाही आणि तिच्यावर कमिशनही नाही. गावात डॉक्टर, कंपाउंडर आणि औषधवाला एकच माणूस असेल तर रोगी बरा होण्याची वाट बघणारं कुणी उरत नाही. विषाला आपण औषध म्हणतो त्यात सगळं आलं.

आणि या सोप्या फवारणीची किंमत 2017 सालीच आपण बघितली. आमचा संप जूनमध्ये झाला. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं दगावली, शेकड्यांनी दवाखान्यात गेली. त्यात पुष्कळसे रोजंदारीवर पंप पाठीला बांधणारे होते. खर्चाच्या तक्त्यात त्यांची त्या दिवसाची मजुरी 'फवारणी' या ओळीत बरोबर धरली गेली असेल.

ढालकिड्याने सगळं भागतं असंही नाही. कांद्यातल्या फुलकिड्यांपुढे त्याचं फार चालत नाही. बोंडात शिरलेल्या अळीला तो काय करणार? पपईवरचा रिंगस्पॉट विषाणू मावाच पसरवतो, आणि त्यासाठी थोडा मावाही पुरतो. तिथे ढालकिडा येईपर्यंत बाग गेलेली असते. शिवाय या घराण्यातले सगळेच गुणी नाहीत. वांग्याच्या पानाची जाळी करणारा, अठ्ठावीस ठिपक्यांचा, मळकट तांबूस एपिलॅक्ना भुंगेरा हा ढालकिड्यांचाच चुलतभाऊ आहे आणि तो पक्का पानखाऊ आहे. तर दुसरा एक पिवळाधमक भाऊ भुरी रोगाची बुरशी चरतो. एकाच कुटुंबात एक मांसाहारी, एक शाकाहारी आणि एक बुरशी खाणारा, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही मोठ्या घरासारखंच.

म्हणून 'मित्रकीटक' हा शब्द मला पटत नाही. कृषी खात्याच्या प्रत्येक भित्तिपत्रकावर तो आहे आणि तो चांगल्या हेतूने आला आहे. पण ढालकिडा आपला मित्र नाही. तो भुकेला आहे आणि त्याचं खाणं आपल्या पिकावर बसलं आहे, एवढंच. अमेरिकेने आशियातला एक मोठा ढालकिडा, हार्मोनिया, मावा खाईल म्हणून आणला. 1988 मध्ये तो लुइझियानात रानात स्थिरावलेला सापडला. आता शरद ऋतूत तो हजारोंनी घरांच्या फटींत, माळ्यावर, खिडक्यांत शिरतो, गुडघ्यांतून पिवळा, कुबट वासाचा द्रव सोडून भिंती डागाळतो. द्राक्षाच्या घडात राहून चिरडला गेला तर वाइनची चव बिघडवतो. वर तिथले देशी ढालकिडे त्याच्यापुढे मागे पडले. कालचा मित्र आज घरातली कीड ठरला. आपल्या मैदानी मुलखात ती बर्फाची थंडी नाही म्हणून आपले ढालकिडे घरात मुक्काम करत नाहीत, हिमालयात मात्र उंचावर दगडांखाली त्यांचे थरच्या थर सापडतात. आमच्या भिंतीवरचे किडे वाटसरू आहेत. शेत सुकलं, खायला उरलं नाही, आडोसा गेला, म्हणून निघालेले. ते घरात अंडी घालत नाहीत, धान्याला लागत नाहीत, सोंडे-पोरकिड्यांशी त्यांचं नातं नाही, कपडे कुरतडत नाहीत, रोग पसरवत नाहीत. दोन-चार दिवसांत पुढच्या हिरव्याकडे जातात: कुणाच्या घासात, कुणाच्या उन्हाळी भाजीपाल्यात, परसातल्या जास्वंदीवर.

मित्र शब्दाचा खरा तोटा मात्र वेगळा. मित्राला मजुरी द्यावी लागत नाही. म्हणूनच तो शब्द आपल्याला सोयीचा आहे. मी ढालकिड्याला मजूर म्हणतो, कारण मग लगेच पुढचा प्रश्न येतो की त्याची मजुरी काय.

त्याची मजुरी म्हणजे थोडा मावा. दुसरं काही तो घेत नाही. शेत शंभर टक्के स्वच्छ ठेवणं म्हणजे त्याला कामावरून काढणं. कॅलिफोर्नियात डोंगरात गोळा झालेले ढालकिडे खोऱ्याने भरून पिशव्यांत विकतात, बागेत सोडले की त्यातले बहुतेक दोन दिवसांत उडून जातात. आता आपल्याकडेही असले उपयोगी किडे ऑनलाइन मागवता येतात. पिशवीतून मजूर आणता येतो, पण शेतात त्याच्या पोटाला नसेल तर तो थांबत नाही. हे आपल्या गावाला नवीन नसावं. बलुत्याची पद्धत हीच होती. सुतार, लोहार, कुंभार वर्षभर काम करायचे आणि खळ्यावर आपला वाटा न्यायचे. त्या पद्धतीत अन्याय भरपूर होता, कुणाच्या वाट्याला पाचुंदा आणि कुणाच्या वाट्याला झाडून उरलेलं, ती परत यावी असं मी चुकूनही म्हणणार नाही. पण पीक सगळंच्या सगळं मालकाचं नसतं, त्यातून काही द्यायचं असतं, हे तिला ठाऊक होतं. पानावरचा थोडा चिकटा हे ढालकिड्याचं बलुतं आहे.

हे बलुतं पूर्वी नकळत दिलं जायचं. नगरकडच्या रब्बी ज्वारीला करडईच्या ओळी असायच्या. जनावर शिरू नये म्हणून काटेरी करडई कडेला, हे कारण सगळ्यांना माहीत. पण करडईवर काळा मावा हटकून पडतो आणि त्यावर ढालकिड्यांची पहिली पिढी वाढायची, ज्वारीला गरज पडेपर्यंत मजूर तयार. करडई गेली. काटे टोचतात, काढायला माणूस मिळत नाही, तेल बाजारातून येतं. कालव्याच्या पाण्यावर ऊस आला, सोयाबीन आलं, एका जातीचं पीक सलग. बांधावर तणनाशक मारलं जातं, कारण स्वच्छ बांध म्हणजे कष्टाळू शेतकरी अशी समजूत आहे. आता आमच्याकडे ढालकिड्यांचा उरलासुरला आसरा म्हणजे गाईंसाठी लावलेला घास. त्याला फवारत नाहीत, दुधात उतरेल ही भीती. राहात्याकडच्या दूधधंद्याने कळत नकळत त्यांची बाळंतिणीची खोली जपून ठेवली आहे.

आता पुन्हा खर्चाकडे. समजा आमच्या गव्हातल्या दोन फवारण्या वाचल्या. औषधाचे पैसे वाचले, पंपवाल्याची मजुरी वाचली, हे माझ्या खिशात राहिलं. पण आयोगाच्या तक्त्यात माझा खर्च कमी दिसणार. सगळ्यांनीच वाचवलं तर सरासरी खर्च खाली येणार आणि खर्चाच्या दीडपट म्हणून मिळणारा भावही खाली येणार. जो फवारतो त्याच्या उधळपट्टीवर दीडपट आणि जो किड्याकडून करून घेतो त्याच्या शहाणपणावर शून्य. ढालकिड्याने केलेलं काम शेवटी पीठ विकत घेणाऱ्याच्या पदरात स्वस्ताईच्या रूपाने जातं. म्हणजे घरच्या बाईच्या राबण्याचं जे होत आलं, तेच. कांद्यासारख्या पिकाला तर हमीभावच नाही, तिथे हा हिशोब मांडायलाही जागा नाही. हमीभावाच्या लढाईत कुणी हे बोलल्याचं मी ऐकलं नाही. बोलायला हवं. न फवारलेल्या एकराला काही मिळत नसेल तर खर्च अधिक पन्नास टक्के ही मागणी नकळत औषध कंपनीच्या बाजूने उभी राहते.

तरीही मी म्हणतो, आधी आपल्या बांधावरून सुरुवात करू. गेल्या दोन रब्बींत मी गव्हात एकदाही फवारलं नाही. बढाई नाही, दोन्ही वर्षं माव्याचं मान बेताचं होतं आणि पहिल्या वर्षी भीतीने पंप भरून दारात ठेवला होता. फक्त एक केलं, पंप उचलायच्या आधी शेताच्या पाच जागी जाऊन पानं आणि ओंब्या उलटून बघितल्या. माव्याबरोबर पिवळी उभी अंडी, सुसरीसारखी अळी किंवा पानाला चिकटलेला कोष दिसला की चार दिवस थांबायचं आणि पुन्हा बघायचं. माव्यातच तपकिरी, फुगलेले, टणक मावे दिसले तर तेही आपलेच, त्यांच्या पोटात गांधीलमाशीच्या जातीच्या एका बारीक कीटकाची अळी आहे. काहीच दिसलं नाही आणि मावा वाढतच असेल, तर फवारा, पण सगळं शेत नाही, जिथे आहे तिथे. घरात आले तर पडवीचा दिवा तासभर घालवून अंगणातला लावायचा. आई आता कुरकुरत का होईना, पुठ्ठ्यावर गोळा करून घासात टाकते. "तुझे मजूर आले रे," म्हणते.

एकट्याने मात्र हे फार पुढे जात नाही. ढालकिड्याला गट नंबर कळत नाही. शेजाऱ्याने तीनदा फवारलं तर माझे मजूर तिकडे जाऊन मरतात. म्हणून हा विषय सामाईक आहे आणि सामाईक विषय कसा मांडायचा हे या गावाला शिकवायला नको. ज्या ग्रामसभेने खरीप न पेरण्याचा विषय देशभर नेला, तिला एवढा ठराव अवघड नाही: गावच्या शिवेतल्या रस्त्यांच्या, चाऱ्यांच्या आणि ओढ्यांच्या कडेला तणनाशक मारायचं नाही, रुई तोडायची नाही, आणि गव्हावर पहिली फवारणी करायच्या आधी पाच जागी पान उलटून बघायचं. गहू ज्वारीच्या कडेला पुन्हा दोन ओळी करडई लावणाऱ्याला बी पंचायतीने द्यावं, दोन ओळींना ते पसाभरच लागतं.

2 ऑक्टोबरला ग्रामसभा असते. गव्हाची पेरणी त्यानंतर महिन्याभराने सुरू होते.